उलंगवाडीनंतरची पऱ्हाटी

विदर्भात कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की 'उलंगवाडी झाली' असं म्हणतात. बोंडं संपलेली असतात, पानं गळून गेलेली असतात आणि वावरात छातीइतक्या उंचीच्या तपकिरी, कडक पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या राहतात. मग चिमटे घेऊन मजूर येतात. बुंध्याला चिमटा लावायचा, दांड्यावर जोर द्यायचा आणि पऱ्हाटी मुळासकट उपटायची. हे काम कंबरेला किती लागतं, ते तासभर करून पाहिलेल्यालाच कळतं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लागतात.

पूर्वी त्यातल्या बऱ्याचशा बंडीतून घरी येत. वर्षभराचं सरपण, कुडाच्या भिंती, परसाचं कुंपण, शेळ्यांचा आडोसा असं सगळं त्यातून भागायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी स्वयंपाकघराची मागची भिंत पऱ्हाट्यांचीच होती, वरून शेणमातीचा लेप. दर दिवाळीच्या आधी आजी तो लेप नव्यानं द्यायची. आता भिंती विटांच्या झाल्या, चुलीशेजारी सिलिंडर आला आणि पऱ्हाटीला घरात जागा उरली नाही. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी नागपूरहून यवतमाळकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिच्याच आगी दिसतात.

या आगीत किती जळतं, याचा हिशेब मांडायला अवघड नाही. महाराष्ट्रात कापसाचं क्षेत्र साधारण ४० लाख हेक्टर आहे. कोरडवाहू कपाशीतून हेक्टरी दोन टन वाळलेली पऱ्हाटी निघते असं धरलं, तरी एकट्या महाराष्ट्रात वर्षाला ८० लाख टन होते. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे टनभर पऱ्हाटीत ४० लाख किलोकॅलरी. घरगुती गॅसच्या १४.२ किलोंच्या सिलिंडरमध्ये दीड लाखाहून थोडी अधिक असते. भागाकार केला, तर एक टन पऱ्हाटी म्हणजे २५ सिलिंडर आणि एक एकर म्हणजे वीसेक सिलिंडर. अर्थात ही साठवलेली उष्णता झाली, ती सगळी भांड्याखाली येत नाही. तरीही एकरामागे वीस सिलिंडर धुऱ्यावर पेटवून देणारा माणूस श्रीमंत नसतो, तो कर्जात असतो. ही गोष्ट मला फार लागते.

पऱ्हाटीत नेमकं असतं काय? त्यासाठी आधी ज्वारीकडे पाहू. ज्वारीचा दाणा आपण खातो आणि कडबा बैल खातो. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातला सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेच्या लांबच लांब माळा आहेत. मणी तेच, पण ते एकमेकांना जोडण्याची तऱ्हा वेगळी. स्टार्चमधला जोड आपल्या लाळेतला आणि आतड्यातला रस सहज तोडतो. सेल्युलोजमधला जोड माणसाच्या पोटाला तोडता येत नाही. बैलालाही तो स्वतः तोडता येत नाही, पण त्याच्या पोटात जे कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात ते तोडतात आणि बैल त्यावर जगतो.

कापसाचं बोंड फुटून जो धागा बाहेर येतो, तो तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोज आहे, नव्वद टक्क्यांहून अधिक. तोच सेल्युलोज त्याच झाडाच्या खोडातही आहे, वजनाच्या साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याच्या जोडीला हेमिसेल्युलोज नावाची दुसऱ्या प्रकारच्या साखरांची माळ असते. आणि या दोघांना गच्च बांधून ठेवणारा तिसरा घटक म्हणजे लिग्निन. कुडाच्या भिंतीत पऱ्हाट्या म्हणजे सेल्युलोजचे धागे मानले, तर लिग्निन म्हणजे वरचा शेणमातीचा लेप. लिग्निनमुळे झाड वाऱ्यात ताठ उभं राहतं, त्याला कीड-बुरशी सहजी लागत नाही आणि बैल पऱ्हाटीला तोंड लावत नाही. भाताच्या पेंढ्यात लिग्निन कमी असतं, पऱ्हाटीत ते पाव भागापर्यंत जातं. कोणत्या अवशेषापासून कोणतं इंधन करायचं, हे बहुतांशी या एका घटकावर ठरतं. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात असू द्या.

सेल्युलोजची माळ तोडून तिची आंबवण्याजोगी साखर करायची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या नान्सी शहरात आँरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञानं १८१९मध्ये जुन्या कापडाच्या चिंध्या तीव्र गंधकाम्लात विरघळवल्या, मिश्रण पाणी घालून उकळलं आणि त्यातून साखर मिळवली. चिंध्यांच्या वजनाहून साखरेचं वजन जास्त भरलं, कारण माळ तुटताना प्रत्येक जोडाशी पाण्याचा एक रेणू सामावला जातो. पण आम्लाचा मार्ग महाग पडतो. भांडी झिजतात, आम्ल नंतर निवारावं लागतं आणि जास्त वेळ ठेवलं तर मिळालेली साखरच करपून जाते.

दुसरा मार्ग सापडला तो युद्धात, आणि तोही कापसामुळेच. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, पट्टे, कपडे पाहता पाहता कुजून जाऊ लागले. सैन्याच्या प्रयोगशाळेनं कुजलेल्या कापडांचे नमुने गोळा केले, तेव्हा त्यांत एक हिरवट बुरशी सापडली. ही बुरशी सेल्युलोज तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, भरपूर प्रमाणात बाहेर टाकते. एल्विन रीज या शास्त्रज्ञानं तिच्यावर अनेक वर्षं काम केलं. पुढे त्यांच्याच नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळालं. आज जगभरात सेल्युलोज तोडणारी औद्योगिक विकरं बनवण्यासाठी तिच्या ज्या जाती वापरतात, त्यांचं मूळ त्या बेटांवरच्या एकाच नमुन्यात आहे. ट्रायकोडर्मा हे नाव आपल्या शेतकऱ्यांना नवं नाही. हरभऱ्याची मर रोखण्यासाठी बियाण्याला जी ट्रायकोडर्माची भुकटी चोळतात, ती याच कुळातली.

आता पानिपतला जाऊ. पंजाब-हरियाणात भात कापला, की गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात पेंढा उचलणं जमत नाही, म्हणून तो पेटवतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या धुराची भर पडून दिल्लीचा श्वास कोंडतो. त्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचा इंडियन ऑइलचा कारखाना पानिपतला उभा राहिला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असा त्याचा आराखडा आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. उसाच्या मळीपासून इथेनॉल काढण्याची यंत्रं बनवून ही कंपनी मोठी झाली, त्यामुळे पेंढ्याकडे वळताना तिच्यामागे साखर कारखान्यांचा मोठा अनुभव होता.

तिथे पेंढ्याचं काय होतं? गठ्ठे सोडून पेंढा कापतात, धुतात, माती-खडे काढतात. मग सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ यांत तो शिजवतात. याने लिग्निनचा लेप सैल होतो आणि हेमिसेल्युलोज विरघळून बाहेर येतो. त्यानंतर मोठ्या टाक्यांत विकरं घालून, पन्नास अंशांच्या आसपास तापमान राखून, लगद्याची साखर होऊ देतात. त्या साखरेवर यीस्ट सोडलं, की ती आंबते आणि इथेनॉल तयार होतं. इथे एक अडचण येते. पावात घालतात ते साधं यीस्ट ग्लुकोज खातं, पण हेमिसेल्युलोजमधून येणारी झायलोज नावाची साखर त्याला पचत नाही. तिच्यासाठी खास घडवलेलं यीस्ट लागतं. शेवटी ऊर्ध्वपातन करून पाणी काढून टाकलं, की पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं इथेनॉल हाती येतं. उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळून कारखान्याला लागणारी वाफ बनवता येते.

दोन लाख टनांतून तीन कोटी लिटर, म्हणजे टनामागे दीडशे लिटर. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे ५,००० किलोकॅलरी उष्णता असते, पेट्रोलच्या दोन तृतीयांश. दीडशे लिटरांची झाली साडेसात लाख. टनभर पेंढ्यात मुळात ३५ लाखांच्या आसपास असते. म्हणजे पेंढ्यातल्या उष्णतेचा साधारण पाचवा हिस्सा गाडीच्या टाकीत पोचतो. बाकीची वाफेत, यंत्रांत आणि आंबवताना-शिजवताना खर्ची पडते. हा दोष कोणाचा नाही. घट्ट पदार्थाला द्रवात उतरवायचं, तर एवढी किंमत मोजावीच लागते. गाड्यांना द्रव इंधन हवं असतं आणि ते आपण परदेशातून आणतो, म्हणून ही किंमत मोजण्याजोगी आहे असं मी मानतो. शिवाय यात अन्नाला धक्का लागत नाही. २०२५मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर पोचलं खरं, पण ते बहुतेक सगळं ऊस, मका आणि तांदूळ यांच्यापासून आलेलं. पाऊस कमी झाला, की हा रस्ता अडतो. डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडण्याच्या भीतीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर एकाएकी बंधन आणलं होतं, ते महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या अजून लक्षात आहे. पेंढा, पाचट, पऱ्हाटी यांना ती भीती नाही.

पण काड-पाचोळ्यापासून इथेनॉल काढायचा जगाचा अनुभव फारसा सुखाचा नाही आणि तो आपण डोळसपणे वाचला पाहिजे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या नेवाडा या गावी ड्यूपाँ कंपनीनं मक्याच्या धांड्यांपासून वर्षाला सुमारे ११ कोटी लिटर इथेनॉल बनवण्याचा कारखाना २०१५मध्ये उघडला. दोनच वर्षांनी तो बंद करायचं ठरलं. त्याच राज्यात २०१४मध्ये सुरू झालेला पोएट-डीएसएमचा कारखाना २०१९मध्ये थांबला. रुमानियात क्लॅरिअंटनं गव्हाच्या काडाचा कारखाना २०२१मध्ये बांधून पुरा केला आणि २०२३ संपताना बंद करायचं ठरवलं. या कारखान्यांचं रसायन प्रयोगशाळेत नीट चाललं होतं. त्यांना पुष्कळदा नडलं ते त्याच्या आधीचं काम. गठ्ठ्यांबरोबर येणारी वाळू आणि खडे यंत्रं खातात, ओला-सुका माल एकत्र आला की तोंडाशी अडकून बसतो, महिनाभरात गोळा केलेला माल वर्षभर साठवावा लागतो आणि साठवलेल्या गंजींना आगी लागतात. शेतकऱ्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. ज्यानं कधी कडब्याची गंजी रचली आहे, त्याला हे सगळं आधीच ठाऊक असतं.

पऱ्हाटीच्या बाबतीत तर हे सगळं दुपटीनं खरं आहे. पेंढ्याचे बेलर यंत्रानं गठ्ठे बांधता येतात. पऱ्हाटी फाटेफुटे असलेली, वाकडी, ती गठ्ठ्यात बसत नाही. ट्रॉली उंचच उंच भरली तरी आत निम्म्याहून जास्त हवा असते आणि वजन टनाच्या आतच राहतं. तिची साल वाखासारखी चिवट असते, ती कापणी यंत्राच्या दांड्याला गुंडाळून बसते. मुळासकट उपटल्यामुळे मुळांना काळी माती चिकटून येते आणि त्या मातीनं पाती बोथट होतात. विखुरलेल्या एकर-दोन एकरांच्या तुकड्यांतून हा माल ७०-८० किलोमीटरवरच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात नेऊन टाकायचा, तर त्याच्यापेक्षा डिझेलच महाग पडेल. आणि वर सांगितलेलं ते लिग्निन. पऱ्हाटीत ते जास्त, म्हणून साखर मोकळी करणं जड.

बायोगॅसच्या टाकीत पऱ्हाटी घालता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. घालता येते, पण गॅस फार कमी मिळतो. टाकीतले जिवाणू शेण, साखर कारखान्याची प्रेसमड, नेपियर गवत, भाजीचा कचरा असा मऊ माल झटपट खातात. लाकडासारख्या वस्तूत हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'सतत' योजनेखाली दाबयुक्त बायोगॅसचे जे प्रकल्प येताहेत, त्यांना मळी-प्रेसमडच्या पट्ट्यात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, नगरकडे, चांगली जागा आहे. कपाशीच्या पट्ट्यात पऱ्हाटीच्या भरवशावर कोणी असा प्रकल्प मांडत असेल, तर त्याला थांबवावं.

मग पऱ्हाटीचं करायचं काय? माझ्या मते तिचं पहिलं आणि सरळ उत्तर घट्ट इंधन हे आहे. वावराच्या जवळच तिचा भुसा करायचा आणि दाबून कांड्या बनवायच्या. बाजारात यांना ब्रिकेट म्हणतात, काही जण पांढरा कोळसा म्हणतात. यात साखर मोकळी करायची नसल्यामुळे लिग्निन अडथळा होत नाही, उलट तेच कामाला येतं. पिस्टनच्या यंत्रात भुसा जोरात ठोसला जातो, घर्षणानं तापतो, तापल्यावर लिग्निन मऊ पडतं आणि थंड होताना डिंकासारखं धरून ठेवतं. बाहेरून गोंद, मळी, काही मिसळावं लागत नाही. साठ किंवा नव्वद मिलिमीटर जाडीची कांडी सलग बाहेर येते. चांगली दाबलेली कांडी पाण्यात टाकली, तर तळाशी जाते. ज्या पऱ्हाटीची ट्रॉली टनभरही भरत नव्हती, तिच्याच कांड्या त्याच ट्रॉलीत कित्येक टन बसतात.

यात सांभाळायची मुख्य गोष्ट म्हणजे ओल. नुकत्या उपटलेल्या पऱ्हाटीत वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी असू शकतं आणि कांडी बनवायला ते दहा-बारा टक्क्यांवर यावं लागतं. ओल जास्त राहिली, तर यंत्रात वाफ होते आणि कांडी फुटून पडते. विदर्भाच्या उन्हाला हे काम काही आठवड्यांत फुकट करता येतं. एवढं ऊन पानिपतला नोव्हेंबरात मिळत नाही.

कोळशाशी तुलना करून पाहा. वणी आणि चंद्रपूर इथल्या खाणी कपाशीच्या वावरांना खेटून आहेत. आपल्याकडे वीजकेंद्रांत जो दगडी कोळसा जातो, त्याची उष्णता साधारण ३,५०० ते ४,५०० किलोकॅलरी आणि राख तीस-चाळीस टक्के. पऱ्हाटीच्या कांडीची उष्णता त्याच पंक्तीतली आणि राख पाच टक्क्यांच्या आसपास. गंधक नावापुरतं. जाळल्यावर जो कार्बन हवेत जातो, तो त्याच हंगामात त्याच झाडानं हवेतून घेतलेला असतो. यंत्र आणि वाहतूक यांच्या डिझेलचा हिशेब त्यात धरायलाच हवा, पण तो छोटा आहे. एक सावधगिरी मात्र बॉयलरवाल्यांना घ्यावी लागते. शेतमालाच्या राखेत पोटॅश असतं, त्यामुळे ती कमी तापमानाला वितळते आणि नळ्यांवर तिचा कडक थर जमतो. जाळणारा माणूस जाणता असेल, तर हे सांभाळता येतं.

गिऱ्हाईकही आहे. डेअऱ्या, कापड रंगवण्याचे कारखाने, तेलगिरण्या यांच्या बॉयलरमध्ये ब्रिकेट बरीच वर्षं जळताहेत. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर पाच टक्के शेती-अवशेषांच्या गोळ्या जाळाव्यात असं धोरण आणलं. तिथे जाड कांडी चालत नाही, बोटाएवढ्या जाडीची पेलेट लागते, कारण ती कोळशाबरोबर गिरणीत दळली जाते. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीजकेंद्र कपाशीच्या पट्ट्यातच उभं आहे. त्याच्या कोळशातले पाच टक्के आसपासच्या वावरांतून आले, तर तिथल्या पऱ्हाटीला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

या सगळ्याला कपाशीपुरतं आणखी एक कारण आहे आणि माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं. ते म्हणजे गुलाबी बोंडअळी. २०१७च्या हंगामात या अळीनं विदर्भ-मराठवाड्यात कपाशीची वाट लावली. बीटी वाणांना ती दाद देईनाशी झाली होती. थंडीच्या दिवसांत ही अळी न फुटलेल्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगांत, मातीत सुप्तावस्थेत पडून राहते आणि नव्या कपाशीला पात्या लागायच्या सुमाराला पतंग होऊन बाहेर येते. म्हणून कृषी विभाग आणि विद्यापीठं दरवर्षी एकच गोष्ट सांगतात. फरदड, म्हणजे वेचणीनंतर कपाशी राखून पुन्हा घेतलेलं पीक, घेऊ नका, हंगाम डिसेंबर-जानेवारीत संपवा, पऱ्हाटी वावरात किंवा धुऱ्यावर रचून ठेवू नका. शेतकरी पऱ्हाटी जाळतो त्यामागे ही समजही असते आणि त्याला मूर्ख ठरवून भाषणं देणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी.

इंधन करायचं झालं, तर हे काम जाळण्यापेक्षा चांगलं होतं. भुसा करताना अळी चिरडली जाते आणि यंत्राच्या उष्णतेत उरलीसुरली मरते. पण अट अशी, की पऱ्हाटीचा भुसा गावातच आणि वेळेवर व्हायला हवा. अख्ख्या पऱ्हाट्या ट्रॉल्यांनी आणून एखाद्या गोदामाच्या आवारात मेपर्यंत रचून ठेवल्या, तर तो बोंडअळीचा साठाच होईल आणि आजूबाजूच्या पाच-दहा गावांना नव्या हंगामात त्याचे चटके बसतील. वाळण्यासाठी लागणारे आठवडे आणि अळीची भीती यांचा मेळ घालायचा, तर उलंगवाडी लवकर हवी. फरदडीच्या दोन क्विंटल किडक्या कवडी कापसाच्या लोभानं मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवली, तर कापूसही जातो आणि इंधनही.

पऱ्हाटीहून मऊ आणि हलका जो माल आहे, त्याचा रस्ता फलटणनं केव्हाच दाखवलेला आहे. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं आणि सर्रास पेटवलं जातं. डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या आरती संस्थेनं पत्र्याच्या पिंपांची एक भट्टी तयार केली. पाचट पिंपात बंद करून बाहेरून तापवायचं, त्यातून निघणारा ज्वलनशील वायूच भट्टीखाली जाळायचा, म्हणजे पुढचं तापवणं त्याच्यावरच होतं. उरलेल्या काळ्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या. आरतीच्याच सराई कुकरमध्ये अशा सुमारे शंभर ग्रॅम कांड्यांवर कुटुंबाचं एका वेळचं जेवण धूर न होता शिजतं. या कामाला २००२मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात उसाचं पाचट आणि चिपाड यांवर चालणारा गॅसिफायर घडवला. अपुऱ्या हवेत पाचट जळलं, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला वायू निघतो आणि तो भट्टीत जाळता येतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या शेगड्या जोडून याच वायूवर गाड्या धावल्या होत्या. ही दोन्ही कामं आपल्याच शिवारात झाली. ती गावोगावी का पसरली नाहीत, याचा विचार करताना मला वाटतं, की आपण यंत्राला बक्षीस दिलं आणि ते चालवणाऱ्या बाईच्या रोजंदारीचा हिशेब मांडला नाही.

तोच हिशेब पऱ्हाटीत चुकू नये. आज पुष्कळ ठिकाणी सौदा असा होतो, की ठेकेदार वावर रिकामं करून देतो आणि त्या बदल्यात पऱ्हाटी घेऊन जातो. शेतकऱ्याला उपटणीची मजुरी वाचल्याचं समाधान, पैसा शून्य. पऱ्हाटीत उष्णता आहे, उष्णतेला बाजारभाव आहे, तर पऱ्हाटीलाही वजनावर आणि ओलीवर ठरलेला भाव हवा. भुसा करणारा श्रेडर गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा बचत गटाच्या मालकीचा असावा, म्हणजे निदान पहिला नफा गावात राहील. कांडीचं यंत्र वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतल्या गावांना पुरेल असं असावं. जिनिंगच्या आवारात ते बसवलं तर उत्तम. तिथे वजनकाटा असतो, वीज असते, गोदाम असतं आणि कापसाचा हंगाम संपला की हे सगळं रिकामं पडतं.

आणि मातीचा वाटा. विदर्भाच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. सगळंच उचलून नेलं, तर दहा वर्षांनी इंधनही राहणार नाही आणि कापूसही. कपाशीचं नशीब एवढं, की पानं, पात्या, फुलं आधीच वावरात गळलेली असतात आणि नत्राचा मोठा भाग त्यांत असतो. तरीही माझं मत असं आहे, की दर तिसऱ्या वर्षी पऱ्हाटी विकू नये. श्रेडरनं बारीक करून ती जमिनीतच मिसळावी. ज्या वावरात हलकी, मुरमाड जमीन आहे, तिथे ती मुळीच उचलू नये. भट्टीतली किंवा बॉयलरमधली राख परत आणता आली, तर पोटॅशही परत येईल. हे शासनाच्या योजनेत असो वा नसो, जमीन ज्याची आहे त्यानं ठरवायला योजना लागत नाही.

शेतकरी वाचकांना एक काम सांगतो. यंदा उलंगवाडी झाली, की काडी लावायच्या आधी वावराच्या मधल्या भागात दहा चौरस मीटर जागा मोजा. तेवढ्यातल्या पऱ्हाट्या उपटा, माती झाडा, पंधरा-वीस दिवस उन्हात कडकडीत वाळू द्या आणि वजन करा. आलेल्या आकड्याला चारशेनं गुणलं, की एकरी वजन निघेल. गावातल्या पाच-पंचवीस जणांनी असंच करून ते आकडे एका कागदावर लिहा आणि जवळच्या जिनिंगवाल्याशी, उत्पादक कंपनीशी, ब्रिकेटवाल्याशी बोलायला तो कागद घेऊन जा.